मेव्हण्याची धारावी-मोहीम

महाराष्ट्रात किल्ला पाहायला निघालेल्या माणसाला किल्लाच हवा असतो असं नाही. त्याला एक उंच जागा हवी असते, जिच्या कडेला उभं राहून खाली बघत 'बाप रे' म्हणता येईल. एक भोक हवं असतं, ज्याकडे बोट दाखवून 'हे भुयार थेट तिकडे निघतं' असं सांगता येईल. आणि एक घोडा हवा असतो. घोडा समोर नसला तरी चालतो, फक्त त्याने पूर्वी कधीतरी तिथून उडी मारलेली असली पाहिजे. एवढी सामग्री असली की तट, बुरुज, दरवाजे हा वरखर्चाचा भाग. ते नसले म्हणून कोणी तिकिटाचे पैसे परत मागत नाही, कारण बहुतेक ठिकाणी तिकीटच नसतं.

किल्ला जितका शाबूत तितकी दंतकथेची कुचंबणा, हे माझं जुनं मत आहे. मुरुडच्या जंजिऱ्यावर होडीवाला ठरल्या वेळेला हाका मारायला लागतो. तेवढ्यात तोफासुद्धा धड बघून होत नाहीत, दंतकथा केव्हा ऐकणार? उलट जिथे चार दगड उरलेत तिथे सांगणाऱ्याला मोकळं रान मिळतं. अडवायला समोर भिंतच नसते. या हिशेबाने भाईंदरच्या पश्चिमेला, पाली आणि चौक या कोळीवाड्यांच्या पाठीशी टेकडीवर असलेला धारावीचा किल्ला महाराष्ट्रातल्या श्रीमंत किल्ल्यांत मोडायला हरकत नाही.

२०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात घेतले. साल्हेर, रायगड, सिंधुदुर्ग अशी मोठमोठी मंडळी त्यात आहेत, तमिळनाडूतला जिंजीसुद्धा आहे. धारावी नाही. तिला त्याचं वाईट वाटत असेल असं मला वाटत नाही. परीक्षक आलाच असता तर त्याने पहिला प्रश्न 'किल्ला कुठे आहे?' हा विचारला असता आणि 'साहेब, तुम्ही उभे आहात तोच' असं सांगताना कोणालाही अवघडल्यासारखं झालं असतं.

या किल्ल्याची पहिली तटबंदी म्हणजे त्याचं नाव. 'धारावीचा किल्ला बघायला चाललोय' म्हटलं की ऐकणारा आधी आपल्या चपलांकडे बघतो आणि मग म्हणतो, 'सायनला उतर.' आता गंमत अशी की जो माणूस खरंच सायनला उतरतो, तोही रिकाम्या हाताने परत येत नाही. मुंबईतल्या धारावीत, बेस्टच्या आगारापाशी, एक काळा किल्ला आहेच. मुंबईचा गव्हर्नर जॉन हॉर्न याच्या हुकमाने १७३७ साली बांधल्याचा शिलालेख त्यावर आहे. त्याच वर्षी मराठे साष्टीत उतरले होते आणि ठाणं पडलं होतं, तेव्हा इंग्रजाने मिठीच्या काठी पहारा वाढवला यात नवल नाही. थोडक्यात, चुकीच्या धारावीला गेलेला माणूसही त्याच युद्धात जाऊन पोहोचतो, फक्त दुसऱ्या बाजूला.

दुसरी तटबंदी पालीची. पाली म्हटलं की उभा महाराष्ट्र बल्लाळेश्वराला हात जोडतो. माझ्या सासूबाईंनी तर ओटीसकट नारळ माझ्या पिशवीत घातला. ही पाली ती नव्हे, इथे गणपती नसून बोंबील आहेत, हे मी त्यांना सांगून पाहिलं. 'असू दे, देव सगळीकडे असतो,' असं म्हणून त्यांनी पिशवीची गाठ मारली. त्या पालीच्या डोक्यावर सरसगड उभा आहे, म्हणजे तिथेही वाट चुकलेल्याला किल्ला मिळतोच. वांद्र्याच्या पाली हिलवर किल्ला नाही, पण तिथल्या इमारतींचे रखवालदार ज्या नजरेने बघतात ती पाहता तटबंदीची उणीव भासत नाही.

मोहिमेचा सरसेनापती माझा मेव्हणा. तो दुर्गप्रेमी आहे. त्याआधी तो सायकलप्रेमी होता, त्याच्याही आधी बोन्सायप्रेमी. ते सगळं गॅलरीत पडून आहे. दुर्गप्रेम मात्र टिकलं, कारण त्यात ऐकणारे मिळतात. त्याच्या विजारीला इतके खिसे आहेत की रेल्वेचा पास शोधायला भाईंदर येईपर्यंतचा वेळ पुरत नाही. फोन काठीला लावून तो समोर धरला की त्याचा आवाज आपोआप दोन पट्ट्या चढतो आणि 'मित्रांनो' अशी सुरुवात होते. हे मित्र कोण, ते मला अजून कळलेलं नाही, कारण त्याचे जे मित्र मला माहीत आहेत ते त्याच्याबरोबर किल्ल्यावर यायला तयार नसतात. म्हणून मी जातो. बायकोचा सख्खा भाऊ असल्यामुळे मला 'नाही' म्हणायची सोय नाही, आणि बायको येते ती आम्हा दोघांपैकी कोणीतरी शहाणं माणूस बरोबर असावं म्हणून.

भाईंदर पश्चिमेला उतरून पालिकेची बस पकडली की मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी अशी गावं येत जातात. एका बाजूला मिठागरं, मधेच नव्या इमारती, त्यांच्या जाहिरातींवर समुद्र आणि जाहिरातींच्या मागे खरा समुद्र. मेव्हण्याने प्रत्येक गावाला एक लढाई वाटून दिली. बसमधल्या बायका पाट्या-टोपल्या सांभाळत ऐकत होत्या. एकीने शेवटी विचारलं, 'हे गाववाले हाईत काय?' मी नाही म्हटलं. ती म्हणाली, 'तरीच.'

पालीत उतरल्यावर नाकाला आधी कळतं. बोंबलाच्या वासाबद्दल आमच्या मध्यमवर्गात बरंच वाईट बोललं जातं, आणि ते बोलणारेच पावसाळ्यात सुका बोंबील भाजल्याचा वास आला की शेजाऱ्याच्या दाराशी घुटमळतात. इथे बांबूच्या वलांड्यांवर ओळीने बोंबील वाळत असतात, जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने टांगलेले. गल्लीच्या तोंडाशी क्रूस, क्रुसापुढे मेणबत्ती, पलीकडे जाळी, जाळ्यांवर झोपलेलं मांजर. होड्यांवर संतांची नावं आणि वर भगवे, हिरवे, निळे असे सगळ्या रंगांचे बावटे. इथले बहुतेक लोक ख्रिस्ती कोळी. घरात बोलतात ती मराठीच, पण ती ऐकताना पुण्याच्या माणसाला आपण शाळेत काय शिकलो असा प्रश्न पडतो. त्यांच्या टेकड्यांपैकी उत्तनच्या धावगीवर शहराने आपला कचरा आणून रचलेला आहे. त्याविरुद्ध गावं कित्येक वर्षं भांडत आली आहेत. तो ढीग धारावीच्या उरलेल्या बुरुजापेक्षा मोठा आहे आणि मला भीती आहे की आणखी तीनशे वर्षांनी एखादा मेव्हणा त्यालाच किल्ला म्हणेल.

पालीत माझ्या एका जुन्या सहकाऱ्याचं घर आहे. तो बोटीवर गेला होता, पण त्याची आई घरी होती. मावशींनी वयाची सत्तरी ओलांडलेली आहे असं त्या सांगतात. पायऱ्या चढताना तसं वाटत नाही. आम्ही किल्ला बघायला आलोय हे ऐकून त्यांचा चेहरा असा झाला की जणू आम्ही त्यांच्या घरातला माळा बघायला आलो आहोत. 'कंचा किल्ला? तो? तिथं काय हाय?' मग आमची दया येऊन त्या स्वतःच निघाल्या. पायात रबरी चप्पल, हातात छत्री. मेव्हणा घोट्याच्या वर जाणारे बूट बांधत होता, पाठीवर पाण्याची पिशवी होती आणि तिची नळी खांद्यावरून तोंडाशी आली होती. मावशी बराच वेळ त्या नळीकडे बघत राहिल्या. मग बायकोला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, 'कधीपासून लावलीय गं? एवढा तरणा तर दिसतो.'

किल्ला. आता किल्ल्याबद्दल प्रामाणिकपणे सांगायचं तर टेकडी आहे, कडा आहे, खाली खाडी आणि समुद्र यांचं भांडण चालू आहे, वारा आहे, थोडी तटबंदी आणि बुरुजाचा भाग आहे. बाकीचं काळाने, पावसाने आणि दगडाची गरज पडलेल्या माणसांनी नेलं. अलीकडे दुर्गसंवर्धनवाल्या तरुणांनी झाडोरा काढला, पालिकेने चिमाजी अप्पांचा पुतळा उभारला, बसायला जागा झाली. पण मेव्हण्याचा खरा हातखंडा जे नाही ते दाखवण्यात. दुर्गप्रेमींच्या शब्दकोशात 'जोतं' नावाची एक चमत्कारी वस्तू आहे. जमिनीवर चार दगड एका रेषेत असले की ते जोतं. तीन असले तरी जोतंच. 'हे वाड्याचं जोतं. हे सदरेचं जोतं. हे दारूकोठाराचं.' बायकोने एका दगडावर बूड टेकलं तर तो 'अगं, देवडीवर बसलीस' म्हणून ओरडला. पाणी साचलेला खड्डा दिसला की तो 'टाकं', भिंतीतलं भोक 'जंगी', आणि काहीच न दिसणारी जागा असली की ती 'चोरदरवाजा'. हे शेवटचं मला पटलं. दिसला तर तो चोरदरवाजा कसला?

एका खड्ड्यापाशी 'हे तत्कालीन पाण्याचं टाकं' असं फोनला सांगून झाल्यावर मावशी म्हणाल्या, 'तिथं आमची शेरडं पानी प्यायाची.' मेव्हण्याने ते कापून टाकायचं ठरवलं. माझ्या मते तो भाग ठेवायला हवा होता. तत्कालीन शेळ्यासुद्धा कुठेतरी पाणी पीतच असतील.

पण एकदा कड्याच्या टोकाशी उभं राहून उत्तरेला पाहिलं की थट्टा बाजूला राहते. समोर खाडीचं तोंड, आणि पलीकडे माडांच्या दाटीत वसई. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना देऊन टाकली आणि पुढची दोनशे पाच वर्षं ती त्यांच्या उत्तरेकडच्या मुलखाची राजधानी होती. खाडीत शिरणारं प्रत्येक गलबत या टेकडीच्या नजरेखालून जाणार. ज्याच्या हातात धारावी, त्याला वसईच्या दारात कोण आलं आणि काय घेऊन आलं ते दिसणार. अशी जागा हल्ली सोसायटीच्या वॉचमनला देतात. पोर्तुगीजांना तिचं महत्त्व कळलं होतं, बाजीरावाच्या धाकट्या भावालाही कळलं होतं. त्यामुळे १७३७ ते १७३९ या दोन वर्षांत धारावी एकदा घेतली गेली, हातची गेली आणि १७३९ च्या मार्चमध्ये पुन्हा मराठ्यांनी घेतली. त्यानंतर दोन-सव्वादोन महिन्यांत वसई पडली. म्हणजे मोठ्या गोष्टीत धारावीला एक वाक्य मिळतं, फार तर दीड. ज्यांनी या कड्यावर जीव दिला त्यांच्या वाट्याला तेवढंही येत नाही.

हे सगळं सांगून झाल्यावर मेव्हणा छाती फुगवून म्हणाला, 'आणि अशा रीतीने आपण जिंकलो!'

मावशींनी छत्री मिटली. 'आपन म्हंजे कोन रे बाबा?'

प्रश्नात काही खोच नव्हती, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. त्यांच्या गावाने पोर्तुगीजांचा देव घेतला त्याला साडेचारशे वर्षं होत आली, भाषा मात्र होती तीच ठेवली. लढाईच्या दिवशी अशा माणसाने कुठे उभं राहायचं? मेव्हणा गडबडला. 'म्हणजे, आपण सगळेच... तुमचे पूर्वजसुद्धा इथलेच ना!' मावशींनी थोडा विचार केला. 'आमचं लोक मासं इकत असनार,' त्या म्हणाल्या. 'ह्यांनाबी आनि त्यांनाबी. फौज असली म्हंजे खानार तर कायतरी.' मी तेव्हापासून बरीच इतिहासाची पुस्तकं चाळली, पण साष्टीच्या युद्धाबद्दल इतकं समंजस विधान मला सापडलेलं नाही. मेव्हण्याने हा भागही कापला.

दुपार टळली तसे आणखी दुर्गयात्री जमले. मोटारसायकलवरून आलेली पोरं पुतळ्यासमोर मुजरा करून लगेच स्वतःचे फोटो काढायला लागली. मुजऱ्यापेक्षा फोटोला फार वेळ लागतो, कारण मुजरा एकदाच करायचा असतो आणि केस दर वाऱ्याला विस्कटतात. एक कुटुंब सतरंजी पसरून जोत्यावर बसलं होतं (सदरेच्या), आणि त्यांच्या पोह्यांच्या डब्यावर एक कावळा पाळत ठेवून होता. धारावीचं लष्करी महत्त्व त्या कावळ्याला पुरतं कळलं होतं. एक जोडपं कड्याच्या बाजूला तोंड करून बसलं होतं. ते दुर्गप्रेमी नसावेत, नुसतेच प्रेमी. पण किल्ल्याच्या शेवटच्या भिंतीचा आडोशासाठी खरा उपयोग त्या दोघांइतका दुसरा कोणीच करत नव्हता.

मग दंतकथा सुरू झाल्या. पहिली अर्थातच मस्तकाची. वसईचा वेढा लांबत चालला, किल्ला पडेना, तेव्हा चिमाजी अप्पांनी सरदारांना सांगितलं म्हणे, की किल्ला हातात येत नसेल तर मला तोफेच्या तोंडी द्या, निदान माझं मस्तक तरी वसईच्या किल्ल्यात जाऊन पडू दे. ही कथा मराठी मुलाला चौथीच्या आसपास कळते आणि मग आयुष्यभर अंगावर काटा आणते. मेव्हण्याने ती फोनसमोर अशी सांगितली की सतरंजीवरच्या लहान मुलाने पोहे खाणं थांबवलं.

मी मात्र मोठेपणी नोकरी केल्यामुळे या कथेत अप्पांकडे बघत नाही, गोलंदाजाकडे बघतो. त्या बिचाऱ्याचा विचार कोणी केला आहे का? समोर पेशव्यांचा सख्खा भाऊ उभा आहे आणि सांगतोय, मला डागा. ऐकावं तर साक्षात अप्पासाहेबांना बत्ती दिल्याचा दोष. पुण्याला काय तोंड दाखवणार, आणि शनिवारवाड्यात कागदावर कारण काय लिहिणार? न ऐकावं तर रणांगणावर हुकूम मोडला. कारकुनी केलेल्या माणसाला हा पेच लगेच कळेल. वरिष्ठ जेव्हा 'मग मीच राजीनामा देतो' म्हणतात, तेव्हा 'बरं' असं म्हणायचं नसतं. अशा वेळी हाताखालच्या माणसांना एकच वाट मोकळी असते. ती म्हणजे काहीही करून ते काम उरकून टाकणं, म्हणजे हुकूम पाळायची वेळच येत नाही. त्यांनी उरकलं. मे महिन्यात वसई घेतली. मराठी माणसं ऐन वेळी जीव तोडून कामाला का लागतात, याचा उगम मला तरी त्या तोफेपाशी दिसतो.

मावशींना गोष्ट आवडली, पण एक शंका होती. 'डोकं तिकडं गेलं आनि धड इकडं ऱ्हायलं, तर मयत कुठल्या गावात कराची?' यावर मेव्हण्याकडे साधन नव्हतं.

दुसरी दंतकथा भुयाराची. धारावीपासून खाडीच्या पोटातून थेट वसईत निघणारं भुयार असलंच पाहिजे, असं एका मोटारसायकलवाल्याचं म्हणणं पडलं. कुठे आहे ते तो दाखवू शकला नाही, 'ते बुजवलंय' म्हणाला. महाराष्ट्रातली सगळी भुयारं बुजवलेली आहेत आणि ती सगळी त्या सांगणाऱ्याच्या आजोबांनी उघडी पाहिलेली आहेत. जर खरंच हे भुयार असतं तर पश्चिम रेल्वेने भाईंदरच्या खाडीवर पूल कशाला बांधला असता? मौज अशी की वसईच्या युद्धात जमिनीखालून खोदकाम झालं होतं हे अगदी खरं आहे, पण ते आतून बाहेर पळायला नव्हे. मराठ्यांनी बाहेरून तटाखाली सुरुंग खोदले, दारू ठासली आणि बुरुज उडवला. त्यात दोन्हीकडची माणसं गेली. म्हणजे जे भुयार नक्की होतं त्याने गुप्तपणे कोणीच कुठे पोहोचलं नाही, आणि ज्याने सगळे पोहोचले असं सांगतात ते मात्र बुजवलेलं आहे.

घोड्याच्या उडीचा विषय निघाला तेव्हा मी हात जोडले. इथून उडी मारली तर घोडा भरतीला खाडीत आणि ओहोटीला चिखलात. दंतकथेतल्या घोड्यांनाही भरती-ओहोटीचं वेळापत्रक कळत असावं. हिरकणीलाही इथे वाव नाही. तिला दुधाची चरवी घेऊन चौकातून बस मिळाली असती, उभं राहून जावं लागलं असतं एवढंच.

खाडीकडे बघत मेव्हणा गंभीर झाला. एवढ्या जवळ असून वसई घ्यायला केवढे कष्ट पडले, असं त्याचं म्हणणं. मला उलट वाटतं, की चिमाजी अप्पांनी रक्त आटवून जो संयोग घडवला तो आपल्याकडे नंतर एका शासन निर्णयाने घडला. २०२० पासून मीरा-भाईंदर आणि वसई-विरार ही दोन्ही शहरं एकाच पोलीस आयुक्तालयाखाली आहेत. ना वेढा, ना सुरुंग, ना तह. खाडी मात्र कोणत्याही हुकमाला दाद देत नव्हती. भाईंदरहून वसईला मोटारीने जायचं तर घोडबंदरचा वळसा घालून सुमारे ३८ किलोमीटर, आणि पाण्यावरून साडेतीन. हा हिशेब समजायला आपल्याला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला, तेव्हा रो-रो बोट सुरू झाली. आता स्कूटरसकट बोटीत चढायचं आणि थोड्याच वेळात वसईच्या बाजूला उतरायचं. बोटीवरचे लोक त्या वेळात मोबाइल बघतात. बरोबरच आहे, तटावरून कोणी गोळे टाकत नाही म्हटल्यावर वर बघायचं कशाला?

परतताना सासूबाईंचा नारळ आठवला. मावशींनी तो आपल्या घरी एका झटक्यात फोडला आणि ताज्या बोंबलांच्या कालवणात घातला. देव सगळीकडे असतो हे सासूबाईंचं म्हणणं त्या संध्याकाळी मला पूर्ण पटलं, पण घरी गेल्यावर त्यांना ते कोणत्या प्रसंगाने पटलं हे सांगायचं नाही असं आम्हा तिघांत ठरलं.

जेवताना मेव्हण्याने शेवटचा बाण काढला, घंटांचा. वसई पडल्यावर तिथल्या चर्चमधल्या मोठमोठ्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून नेल्या आणि त्या देशावरच्या देवळांत गेल्या. नाशिकला गोदावरीकाठी नारोशंकराची घंटा आहे, तिच्यावर १७२१ साल आहे. भीमाशंकरला १७२९ ची. आणि वाईजवळ मेणवलीला, नाना फडणवीसांच्या वाड्यामागच्या घाटावर जी आहे, तिच्यावर १७०७ साल आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. मेव्हण्याने हे विजयाच्या सुरात सांगायला सुरुवात केली खरी, पण भिंतीवरच्या मेरीच्या तसबिरीखाली, तिच्यापुढचा दिवा लुकलुकत असताना, आणि पानात मावशींनी तिसरा बोंबील वाढलेला असताना तो सूर शेवटपर्यंत टिकवणं कठीण असतं. शेवटची वाक्यं त्याने बऱ्याच खालच्या आवाजात उरकली.

मावशी रागावतील असं आम्हाला वाटलं होतं. त्यांनी वाटी खाली ठेवली. 'म्हंजे आमची मदर तिकडं हाय? नीट ठेवलीय का?' मेव्हणा म्हणाला, उत्तम ठेवलीय, लोक लांबून बघायला येतात. 'वाजवतात?' घंटा आहे म्हटल्यावर वाजत असेलच की, तो म्हणाला. मावशी खूश झाल्या. मग त्यांना एक नवलच वाटलं, की एवढं घराचं नातं असताना इतक्या वर्षांत तिकडच्या लोकांनी सणाला एकदाही बोलावलं कसं नाही. 'आमी तरी बोलावलं असतं,' त्या म्हणाल्या. नंतर स्वतःच समजूत काढली, 'पत्ता नसंल.'

तिथून पुढे मोहिमेची सूत्रं मेव्हण्याच्या हातातून गेली. चर्चमधल्या बायकांची दरवर्षी एक सहल निघते आणि यंदा ती महाबळेश्वरला जाणार आहे. वाई वाटेवरच आहे, तेव्हा बस मेणवलीला थांबणार हे मावशींनी कालवण निवायच्या आत ठरवून टाकलं. मेव्हण्याने मार्गदर्शक म्हणून यायचं, आणि नळी आणायची नाही. राहता राहिला आहेराचा प्रश्न. पहिल्यांदाच जायचं तर रिकाम्या हाताने कसं जाणार? मावशींनी माळ्यावरून पत्र्याचा डबा उतरवला आणि नंबर एकचे सुके बोंबील आमच्यासमोर ठेवले. पाच किलो पुरतील ना?

मेव्हण्याचा घास हातातच राहिला. मेणवलीचा तो घाट, ते विष्णूचं देऊळ, ते शंकराचं देऊळ, तो नानांचा वाडा, आणि त्या सगळ्यांमधून पाच किलो बोंबील घेऊन जाणाऱ्या पालीच्या बायका. पेशवाईतला हा प्रसंग त्याच्या कोणत्याच पुस्तकात नव्हता. तो चाचरत म्हणाला, 'मावशी, तिथे... म्हणजे घाटावर देवळं आहेत. ते लोक कदाचित घेणार नाहीत.'

'नाय घेतलं तर ऱ्हायलं,' मावशी म्हणाल्या. 'वाईला बाजार तर भरतच असंल. कंच्या वारी असतो?'

पानिपतापासून खर्ड्यापर्यंतच्या तारखा मेव्हण्याला तोंडपाठ आहेत. हा वार त्याला सांगता आला नाही.